पाच पायांचं कासव

ऑर्डर आली ती एका बेटावरून.
बाराशे टॉवेल, काठाला नारळाची झाडं,
मध्ये पोहणारं कासव.
रंग कळावेत म्हणून सोबत एक गुळगुळीत पत्रक होतं.
दुडम सुपरवायझरनं ते कॅन्टीनच्या भिंतीला लावलं,
म्हणाला, निळा असाच आला पाहिजे बे,
एक छटा हलली तर माल परत.

पत्रकात, दहा ते चाळीस जणांच्या गटासाठी
तिथं काय काय आहे ते लिहिलेलं.
काचेच्या तळाची होडी.
केळ्यासारखी होडी, तिच्यावरून मुद्दाम पडायचं.
तोंडात नळी धरून माशांमध्ये पोहायचं.
रात्री वाळूत बसून, दिवे न लावता,
अंडी घालणारं कासव बघायचं.
जेवणाच्या सुट्टीत मी वाचायचो,
राजमणी तेलुगूत सांगायची, ओठ मोठे हलवत,
कारण नरसम्माचे कान मागांनी कधीच खाल्लेत.
नरसम्मानं सगळं बघून घेतलं
आणि विचारलं,
"पडायचे पण पैसे घेतात का ओ?"

चूक माझीच.
डिझाइन मी काढलेलं, रात्रपाळीत,
शेपटीच्या बाजूला चार चौकोन जास्त भरले गेले
आणि कासवाला आला पाचवा पाय.
कळलं तोवर एक्केचाळीस नग उतरले होते.
मालकांनी आरडाओरडा केला नाही.
पगारातून कापले,
म्हणाले, आता तुझेच हे, पूस अंग जन्मभर.

फेब्रुवारीतला रविवार होता,
ऊन अजून माणसात होतं.
आम्ही अकरा जण, इरफानची टमटम,
कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याची बरणी,
आणि माझे टॉवेल.
हिप्परग्याच्या तळ्यात पाणी बरं होतं,
कडेचं एक टेकाड सुटं होऊन
चिलारीच्या चार झुडपांसकट मध्ये उभं.
बेट म्हणायला तेवढं पुरलं.

मासे धरणाऱ्या पोराकडं ट्रकची ट्यूब होती.
इरफान तिच्यावरून तीनदा पडला,
मुद्दाम कितीदा ते त्यालाच माहीत.
यल्लव्वा गुडघाभर पाण्यात उभी राहून
दह्याची रिकामी बरणी पाण्यावर दाबून
आत डोकावत बसली.
"काय दिसतंय?"
"माझेच पाय की. केवढे झालेत!"
सगळ्या बायांनी आळीपाळीनं
आपापले पाय बघून घेतले.
बारा तास उभे राहणारे पाय,
कुणी असे निवांत बघितले नव्हते.

दुपारी टेकाडावर टॉवेल अंथरले.
निळं, निळं, निळं,
खाली काळी माती, वर घारी.
लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं
रंगारी खात्याचं वाळवण आहे.
नरसम्मा एका कासवावर आडवी झाली
आणि भर दिवसा झोपली.
राजमणी म्हणाली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय.
आम्ही हळू बोलायला लागलो,
मग आठवलं, तिला ऐकू येत नाही,
तरी हळूच बोललो.

उठली ती डोळे चोळत,
अंगाखालचं कासव बोटानं चाचपलं,
पाय मोजले, परत मोजले.
मला वाटलं आता सगळ्यांसमोर निघणार माझी.
ती म्हणाली, "चांगलं केलंस.
एवढ्या लांब पोहत जायचं तर
एक जास्तीचा लागतोच."

संध्याकाळी घड्या घालताना मोजले.
चाळीस.
कुणी पाण्यात सोडला नव्हता,
टमटममध्ये नव्हता, झुडपात नव्हता.
मग आठवलं, मालकांनी दिले तेव्हाच चाळीस होते,
पैसे मात्र एक्केचाळीसचे कापलेले.

म्हणजे एक गेला.
पेटीत, चांगल्यांच्या गठ्ठ्यात, बंदरावरून, बोटीनं.
दुडमला सांगितलं नाही अजून.
भिंतीवर पत्रक तसंच आहे, कोपऱ्यावर आमटीचा डाग.
त्या चाळीस जणांच्या गटातलं कुणीतरी
केळ्यावरून पडून, ओलं, हसत वर येईल,
हात लांबवून टॉवेल ओढेल,
आणि पाठ पुसता पुसता
मध्येच थांबून
मोजेल.